पडद्यामागचे टेक्सास : 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय'चे दोन अल्बम

'द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस' या लांबलचक नावाच्या, 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय' या अमेरिकी रॉक बँडच्या २००३ सालच्या अल्बमची सीडी मी गेल्या कार्तिकात मागवली. ती जळगावला पोहोचायला सव्वीस दिवस लागले आणि हातात आली तेव्हा डबीचे झाकण कोपऱ्यात तडकलेले होते. तबकडीवर ओरखडा नव्हता, म्हणून परत पाठवण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. याच पाच वाद्यरचना फोनवर फुकट ऐकता येत असताना सीडी कशासाठी, असे घरात विचारले गेले आणि त्याचे नीट उत्तर मला तेव्हा देता आले नाही. खरे कारण असे की मी लग्नांच्या व्हिडिओ मिक्सिंगचे काम करतो आणि या अल्बममधल्या शेवटच्या रचनेचा पावणेतीन मिनिटांचा भाग मी पाठवणीच्या प्रसंगाखाली इतक्या वेळा टाकला आहे की त्याच्या लहरींचा आलेख मला डोळे मिटूनही दिसतो. मात्र हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने आणि मध्ये हात न लावता मी एकदाही ऐकलेला नव्हता. जो माल आपण किरकोळीने खपवत आलो तो एकदा ठोकात कसा दिसतो हे पाहावे, एवढ्याच हेतूने ही खरेदी केली. तिच्याबरोबर याच बँडने २००४ साली ज्या चित्रपटाला संगीत दिले, त्या 'फ्रायडे नाइट लाइट्स'चा साउंडट्रॅकही मागवला. हा लेख मुख्यतः त्या दोन अल्बमविषयी आहे आणि पुढच्या काही पार्श्वसंगीतांचा उल्लेख त्यात ओघाने येईल.

बँड चौघांचा आहे. मुनाफ रयानी, मार्क स्मिथ आणि मायकेल जेम्स हे तिघे गिटार वाजवतात, त्यांपैकी जेम्स गरजेप्रमाणे बेस गिटारही घेतात आणि ख्रिस ऱ्हास्की ड्रम सांभाळतात. गायक नाही. हे चौघे १९९९ साली टेक्सासमधील ऑस्टिन शहरात एकत्र आले. गिटार वाजवणारे तिघेही त्याच राज्याच्या पश्चिम भागातल्या मिडलँड गावचे आहेत आणि ऱ्हास्की इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डहून आलेले आहेत. त्या वर्षीच्या चार जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी ऐकून ऱ्हास्कींच्या तोंडून सहज निघालेल्या शब्दांवरून बँडचे नाव पडले, त्याचा अर्थ 'आकाशातले स्फोट'. त्यापूर्वी त्यांनी एका ऑस्ट्रेलियन चित्रपटाचे नाव घेतले होते, म्हणजे चित्रपटाचा वास या मंडळींना पहिल्यापासूनच होता. २००१ सालच्या त्यांच्या दुसऱ्या अल्बमात 'हॅव यू पास्ड थ्रू धिस नाइट' ही रचना आहे आणि तिच्या सुरुवातीला टेरेन्स मॅलिक यांच्या १९९८ सालच्या 'द थिन रेड लाइन' या युद्धपटातला एक आवाज ऐकू येतो. पुढे चित्रपटवाले या बँडकडून जे मागून नेऊ लागले, त्याच्या तीन वर्षे आधी बँडनेच चित्रपटाकडून असे उसने घेतले होते.

मी सीडी संगणकावरून फोनमध्ये घेतली आणि एका कामासाठी अमळनेरला जाताना सुरत मार्गावरच्या पॅसेंजरमध्ये ती ऐकली. अल्बम पंचेचाळीस मिनिटांहून थोडा मोठा आहे. त्यात रचना फक्त पाच आहेत आणि सर्वांत छोटी रचनासुद्धा आठ मिनिटांच्या वर जाते. जळगाव सुटल्यावर पहिली रचना, 'फर्स्ट ब्रेथ आफ्टर कोमा', सुरू केली. मोठ्या ढोलाचा ठोका छातीतल्या ठोक्यासारखा येतो आणि त्यावर एकाच गिटारचा एकच स्वर पुन्हा पुन्हा वाजत राहतो. कितीतरी वेळ यापलीकडे काही घडत नाही. एडिटिंगच्या टेबलावर मी हा भाग नेहमीच ओलांडून पुढे जात असे, कारण दहा सेकंद काहीच घडले नाही तर ग्राहक फोनकडे पाहू लागतो, असे आमच्या धंद्यात पक्के मानले जाते. गाडीत मात्र ओलांडून जायला कारण नव्हते. बाहेर कपाशीची शेवटची वेचणी चालू होती, मध्येच दादरीचे हिरवे पट्टे येत होते आणि दुसरी गिटार पहिलीच्या मागून केव्हा आत शिरली हे मला कळलेसुद्धा नाही. तिसरी आली तेव्हा कळले, कारण तोवर ड्रमने चाल बदलून शाळेच्या संचलनातल्या साइड ड्रमसारखा ठेका धरला होता.

या बँडचे तंत्र असे आहे की तिन्ही गिटार सहसा एकत्र सूर धरत नाहीत. एकजण दोन-तीन स्वरांची छोटी आकृती घेतो. ती डीले नावाच्या यंत्रातून स्वतःच्याच प्रतिध्वनीवर पडत राहते, त्यामुळे एक माणूस वाजवत असूनही दोघे वाजवत असल्याचा भास होतो. दुसरा तिच्या फटीत आपले स्वर बसवतो. तिसरा खूप वेळ गप्प असतो आणि मग एकाच तारेवर मेंडोलिनसारखे झपाझप आघात करत वर चढतो. आवाज वाढतो तो कोणी बटण फिरवल्यामुळे वाढत नाही, हातांचा जोर वाढत गेल्यामुळे वाढतो. हा फरक कानाला लगेच कळतो आणि संगणकावर तयार केलेल्या स्वस्त पार्श्वसंगीतातून नेमका तोच गहाळ असतो.

दुसरी रचना, 'द ओन्ली मोमेंट वी वेअर अलोन', दहा मिनिटांची आहे आणि माझ्या मते अल्बमचा कस तिथे लागतो. तिच्यात दोन वेळा वाटते की आता उकळी आली, आणि दोन्ही वेळा हे लोक हात आखडता घेतात. शेवटच्या दीड-दोन मिनिटांत मात्र चौघेही सगळे काही ओतून मोकळे होतात. आधीची आठ मिनिटे ज्याने ऐकली आहेत त्याच्या अंगावर तिथे काटा येईल. ज्याला ती दीड मिनिटेच ऐकवली त्याला हा नुसता गोंगाट वाटेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. माझ्या सगळ्या तक्रारीचे मूळ इथेच आहे. या संगीतात वाट पाहायला लावणे हाच ऐवज आहे, आणि चित्रपट, मालिका, जाहिराती व आमच्यासारखे मिक्सिंगवाले नेमका तोच ऐवज कापून टाकतात.

तिसरी रचना ठीक आहे. चौथी, 'मेमोरियल', इतकी संथ चालते की धरणगाव मागे पडल्यावर माझी डुलकी लागली, आणि जाग आली तेव्हा ती अचानक अंगावर आल्यासारखी वाजत होती. हा दोष की गुण, हे मी अजून ठरवलेले नाही. पाचवी 'युअर हँड इन माइन'. या रचनेची धून इतकी साधी आहे की लहान मूलही गुणगुणू शकेल, आणि ती पहिल्याच क्षणापासून समोर ठेवलेली असल्यामुळे पडद्यावर सर्वांत जास्त खपली तीही हीच. मी आजवर जे पावणेतीन मिनिटांचे कात्रण वापरत आलो त्यात ही धून येते, आवाज थोडा चढतो आणि संपतो. मूळ रचना सव्वाआठ मिनिटांची आहे. माझे कात्रण जिथे संपते तिथून पुढे ती धून विरत विरत जवळजवळ नाहीशी होते आणि मग दुसऱ्याच वाटेने परत येते. म्हणजे इतकी वर्षे मी वरातीचा पहिला चौक दाखवून मिरवणूक संपल्याचे सांगत होतो.

ती सीडी मी घरी जुन्या डीव्हीडी प्लेअरवरही लावली. माझी मावशी त्या दिवसांत आमच्याकडे आली होती. तिने पाच-सात मिनिटे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आरे, यामा गानारा कोठे शे?" प्रश्न रास्त होता. वाद्यसंगीत आपल्याकडे परके नाही. खानदेशात बँडशिवाय वरात निघत नाही, सातपुड्यात पावरी वाजल्याशिवाय नाच रंगत नाही. पण आपला बँडवाला क्लॅरिनेटवर किंवा बेंजोवर जे वाजवतो ते मुळात गाणे असते. शब्द त्याने वाजवले नाहीत तरी ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार असतात आणि पोरे ते मोठ्याने म्हणतातसुद्धा. या अमेरिकी चौघांच्या धुनेमागे आठवायला शब्दच नाहीत. ती रिकामी जागा ऐकणाऱ्याने स्वतःच्या काही गोष्टीने भरायची असते, आणि तो ती भरू शकला नाही तर मावशीसारखा प्रश्न विचारतो. चित्रपटवाल्यांना हे संगीत का आवडते याचेही उत्तर यातच आहे. शब्द नसल्यामुळे ते संवादाच्या आड येत नाही, आणि रिकामी जागा भरायला त्यांच्याकडे चित्र तयारच असते. श्रोत्याचे काम चित्र करून टाकते. त्यामुळे संगीत सोपे होते, आणि माझ्या मते थोडे गरीबही होते.

आता साउंडट्रॅककडे वळतो. 'फ्रायडे नाइट लाइट्स' हा पीटर बर्ग यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट एच. जी. बिसिंजर यांच्या १९९० सालच्या पुस्तकावर आधारलेला आहे. टेक्सासमधल्या ओडेसा गावच्या पर्मियन हायस्कूलचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आणि त्याचा १९८८ सालचा हंगाम हा त्याचा विषय आहे. शाळेतल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या खांद्यावर सगळ्या गावाने आपली इभ्रत ठेवलेली आहे. दर शुक्रवारी रात्री दुकाने बंद होतात, आणि संघ हरला की प्रशिक्षकाने गाव सोडावे अशी भाषा सुरू होते. हे ओडेसा बँडच्या तिघांच्या मिडलँडपासून तासाभराच्याही आत आहे. चित्रपटाचे संगीत पर्यवेक्षक ब्रायन राइट्झेल यांनी या बँडला बोलावले तेव्हा त्यांनी एक आवाज तर निवडलाच, पण त्या मातीतली माणसेही निवडली. मला हा निर्णय चित्रपटातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. हॉलिवूडच्या खेळपटात सामना आला की वाद्यवृंदाचे तुतारीसारखे ब्रास वाजायचे, असा शिरस्ता होता. इथे सामना असो वा नसो, गिटारवर एक उदास, सपाट आणि दूरवर पसरलेला सूर चालू राहतो, त्यामुळे ही मुले जिंकली तरी पुढे त्यांचे काय होणार हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनातून हलत नाही.

पश्चिम टेक्सास मी नकाशावर आणि पडद्यावरच पाहिले आहे. पण त्या चित्रपटातली जमीन मला अनोळखी वाटली नाही. वर आभाळ प्रचंड आणि खाली नजर पोहोचेल तिथवर सपाटी. तिथेही कापूस पिकतो, पाऊस कमी, ऊन कडक. फरक एवढाच की त्यांच्या जमिनीखाली खनिज तेल आहे आणि त्याचा भाव चढला की गाव चढते, उतरला की गाव उतरते. आपल्याकडे हेच काम कापसाचा आणि केळीचा भाव करतो. मुक्ताईनगरकडून बऱ्हाणपूर रस्त्याने जाताना दुपारी दीडच्या सुमारास मी हा साउंडट्रॅक गाडीत लावून पाहिला आहे, आणि काचेबाहेरच्या केळीच्या बागा वगळल्या तर बाकी सारे जुळत होते.

साउंडट्रॅकमध्ये 'फ्रॉम वेस्ट टेक्सास' आणि 'टू वेस्ट टेक्सास' या नावांच्या दोन छोट्या रचना आहेत. पहिलीचा अर्थ 'पश्चिम टेक्सासहून' आणि दुसरीचा 'पश्चिम टेक्सासकडे'. जाणे आणि येणे यांत काय फरक असतो हे या दोन रचना शब्दावाचून सांगतात, आणि तेवढ्यासाठी तरी हा अल्बम विकत घेण्याजोगा आहे. 'द स्काय अबव्ह, द फील्ड बिलो' आणि 'अ स्लो डान्स' याही चांगल्या आहेत. मात्र यातल्या बहुतेक रचना दोन-तीन मिनिटांत आटोपतात, कारण त्या दृश्याच्या मापाने बेतलेल्या आहेत. शिंप्याने कापड चांगले निवडले आहे, शिवणही सफाईदार आहे, पण कपडा दुसऱ्याच्या अंगचा आहे हे एकट्याने ऐकताना जाणवत राहते. मध्येच इतर कलाकारांच्या रचना येतात. त्यांपैकी डॅनियल लान्वा यांची एक रचना या सुरांशी छान जुळते, बाकीच्यांमुळे अल्बमचा धागा तुटतो.

माझी मुख्य नाराजी मात्र 'युअर हँड इन माइन'च्या इथल्या आवृत्तीवर आहे. मूळ रचनेला येथे व्हायोलिन वगैरे तंतुवाद्यांची जोड दिली आहे आणि लांबीही कमी केली आहे. तंतुवाद्ये वाईट वाजलेली नाहीत. पण मूळ रचनेत जी भावना ऐकणाऱ्याला स्वतः शोधावी लागते ती येथे ताटात वाढून, वर तूप घालून समोर येते. मला मान्य करावे लागेल की इतकी वर्षे लग्नाच्या व्हिडिओखाली मी हीच तुपाची आवृत्ती वापरत होतो आणि मूळ आवृत्ती वेगळी आहे हे मला सीडी मागवल्यावर नीट उमगले. ग्राहकांना तीच आवडते. नवरीची आई गळ्यात पडली आणि व्हायोलिन चढले, की व्हिडिओ पाहणाऱ्या खोलीत कोणाचे तरी डोळे भरून येतातच. मग ग्राहक तो व्हिडिओ यूट्यूबवर चढवतो, थोड्याच वेळात त्यावर हक्काचा दावा येतो, आणि तो मला फोन करून रागावतो. चूक माझीच असते. रीतसर वापरायचे तर रचनेचा हक्क एकाकडून आणि त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क दुसऱ्याकडून, अशा दोन परवानग्या लागतात. आमच्या व्यवसायात एकही घेतली जात नाही.

चित्रपटांच्या एडिटिंगमध्येही याच्याशी मिळताजुळता एक प्रकार चालतो, फक्त तो उघडपणे चालतो. मूळ पार्श्वसंगीत तयार होईपर्यंत संपादक दुसऱ्या कोणाच्या तरी तयार रचना दृश्याखाली तात्पुरत्या लावून ठेवतो, त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. दिग्दर्शकाच्या कानाला त्या तात्पुरत्या रचनेची इतकी सवय होते की पुढे संगीतकाराला 'यासारखेच काहीतरी द्या' असे सांगितले जाते. 'फ्रायडे नाइट लाइट्स'नंतर कितीतरी जाहिराती, बातमीपट आणि खेळांच्या कार्यक्रमांतून डीलेवर वाजणारी एकटी गिटार आणि हळूहळू चढणारा ड्रम ऐकू येऊ लागला, त्यामागे ही सवय असावी असे माझे मत आहे. ज्या सुराला शोधायला राइट्झेलना ऑस्टिनपर्यंत जावे लागले, तो आज 'प्रेरणादायी' या नावाखाली तयार साठ्यातून डाउनलोड करता येतो. नक्कल इतकी झाली की आता अस्सल माल ऐकतानाही कोणाला तो जाहिरातीसारखा वाटेल. बँडवर हा अन्यायच आहे.

'फ्रायडे नाइट लाइट्स' याच नावाची दूरचित्रवाणी मालिका २००६ ते २०११ या काळात पाच हंगाम चालली. तिचे शीर्षकसंगीत या बँडचेच आहे असा अनेकांचा समज असतो, माझाही होता. ते डब्ल्यू. जी. स्नफी वॉल्डन यांचे आहे. बँडच्या जुन्या रचना मालिकेत मधूनमधून वापरल्या गेल्या, पण रोजचे काम वॉल्डन यांनी केले आणि ते याच वळणावर केले. मालिकेचे काम म्हणून ते उत्तम आहे. दर भागात पुन्हा पुन्हा वाजायचे असेल तर धून लवकर मुद्द्यावर यावी लागते, आणि त्यांची येते. सुरांची ठेवण एक असूनही एकात वाट पाहणे का आहे आणि दुसऱ्यात का नाही, हे समजून घ्यायचे असेल तर दोन्ही एकापाठोपाठ ऐकावे.

बँडने पुढे स्वतः जी पार्श्वसंगीते केली त्यांतले २०१३ सालचे 'प्रिन्स अव्हलांच' मला सर्वांत आवडले. डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांच्या या चित्रपटात टेक्सासच्या वणव्यात जळून गेलेल्या जंगलातल्या रस्त्यावर पिवळे पट्टे रंगवत जाणारे दोन मजूर आहेत, बाकी फारसे काही घडत नाही. संगीत डेव्हिड विंगो यांच्याबरोबर केले आहे. इथे चौघांनी गर्जना करणे पूर्णपणे टाळले आहे. पियानो आणि गिटारचे मोजके स्वर, आणि त्यांच्यामध्ये बरीच शांतता. वाट पाहणे चित्रपटाच्याच अंगात असल्यामुळे संगीताला कोठेही घाई करावी लागलेली नाही. त्याच वर्षी पीटर बर्ग यांच्या 'लोन सर्व्हायव्हर' या अफगाणिस्तानातल्या युद्धावरच्या चित्रपटासाठी त्यांनी स्टीव्ह जाब्लॉन्स्की यांच्याबरोबर काम केले. तेथे मात्र मला खटकले. शाळकरी मुलांच्या पराभवाखाली जो उदास सूर शोभला, तोच गोळीबारात पडणाऱ्या सैनिकांखाली वाजू लागला की मरणाला एक गोडसर तेज चढते, आणि ते चढू नये असे मला वाटते.

२०२१ साली टेक्सासच्या सीमेवरच्या बिग बेंड या राष्ट्रीय उद्यानावरील सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या माहितीपटासाठी त्यांनी केलेले 'बिग बेंड' हे संगीत ऐकायला प्रसन्न आहे. छोट्या छोट्या रचना, प्राण्यांच्या हालचालींशी जुळलेले ठेके, सकाळच्या चहाबरोबर लावावे असे. त्याहून अधिक मी त्याच्याकडून मागणार नाही. २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या नेटफ्लिक्सवरील 'अमेरिकन प्रायमीव्हल' या मालिकेत बर्ग आणि बँड पुन्हा एकत्र आले. कथा १८५७ सालच्या अमेरिकी पश्चिमेतल्या रक्तपाताची आहे आणि संगीतही त्याप्रमाणे काळवंडलेले, खर्जातले आहे. गोडवा जवळजवळ नाही. 'लोन सर्व्हायव्हर'ची भरपाई येथे झाली असे मी म्हणेन.

तुलनेसाठी ग्लासगोच्या मोग्वाई या बँडचे उदाहरण घ्यावे लागेल, कारण शब्दांवाचूनच्या रॉकला पडद्यावर नेण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. २००५ सालच्या एका सामन्यात फक्त झिनेदिन झिदान या एकाच खेळाडूवर सतरा कॅमेरे रोखून केलेल्या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले आणि पुढे 'ले रव्हनाँ' या फ्रेंच मालिकेलाही दिले. मोग्वाईच्या संगीतात भीती असते, दारामागे कोणीतरी उभे असल्यासारखी. एक्स्प्लोजन्समध्ये आठवण असते. मोग्वाई चित्राशी थोडे भांडत राहते, एक्स्प्लोजन्स चित्राच्या खांद्यावर हात ठेवते, आणि हा मनमिळाऊपणाच कधी कधी त्याला महाग पडतो.

मूळ अल्बमचे दोषही सांगितले पाहिजेत. हळू सुरुवात, चढ, स्फोट, ओसर ही चाल पाचही रचनांत थोड्याफार फरकाने येते, आणि चौथ्या रचनेपर्यंत पुढचे वळण ओळखू येऊ लागते. २००७ सालच्या पुढच्या अल्बमात तर हे जास्तच जाणवते. ही सवय त्यांनी २०१६ च्या 'द वाइल्डरनेस'मध्ये बऱ्यापैकी मोडली, रचना आखूड केल्या आणि इलेक्ट्रॉनिक आवाज आत घेतले. ज्याला एकच चाल पुन्हा पुन्हा ऐकण्याचा कंटाळा आहे त्याने तेथून सुरुवात करायला हरकत नाही. भजनात एकच अभंग चढत्या लयीत तासभर आळवलेला ज्याला चालतो, त्याला २००३ चा अल्बम जड जाणार नाही.

दोन्हींपैकी एकच घ्यायचा असेल तर 'द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस' घ्यावा आणि चित्रपट पाहण्यापूर्वी ऐकावा. चित्रपट आधी पाहिला असेल, तर मध्ये काही महिने जाऊ द्यावेत, म्हणजे खेळाडूंचे हेल्मेट डोळ्यांसमोरून हटेल. साउंडट्रॅक ज्याला चित्रपट आवडला त्याने घ्यावा, आणि त्यातली 'फ्रॉम वेस्ट टेक्सास' व 'टू वेस्ट टेक्सास' ही जोडी वेगळी काढून ठेवावी. फोनच्या स्पीकरवर यातले काहीही ऐकू नये. हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर इतके आहे की सुरुवातीला काही ऐकूच येत नाही, म्हणून माणूस आवाज वाढवतो आणि सहाव्या मिनिटाला दचकून कमी करतो. गाडीतही तेच होते, विशेषतः काच उघडी असेल तर. बंद हेडफोन असावा आणि आजूबाजूला शांतता असावी. आपल्याकडे हे दुसरे जमवणे कठीण आहे. चैत्र लागला की घरोघर कूलर सुरू होतात आणि त्यांच्या घरघरीत 'फर्स्ट ब्रेथ आफ्टर कोमा'ची पहिली दोन मिनिटे अक्षरशः बुडून जातात, हे मी स्वतः अनुभवले आहे. तेव्हा जळगाव-भुसावळकडच्या वाचकांनी हा अल्बम पौष ते फाल्गुन या दिवसांत, रात्री दहानंतर, शेजारचा मोटारपंप बंद असताना ऐकावा.